मांस तेच, मग विटाळ कोणाचा?

आज शहरांतल्या सुस्थित घरांमध्ये कुत्र्यासाठी मांस सुकवले जाते. चरबी काढायची, पातळ पट्ट्या कापायच्या आणि मंद आचेच्या ओव्हनमध्ये तासन्‌तास ठेवायच्या. जाणकार बजावतात की कांदा-लसूण मुळीच नको, त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. नुसत्या वाळवण्याने सगळे जंतू मरत नाहीत, म्हणून मांस आधी ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून घ्या. मुक्या जिवासाठी एवढी काळजी घेणारे मन चांगलेच आहे. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. माझी तक्रार या प्रेमाविरुद्ध नाही. हे प्रेम माणसाच्या उंबरठ्याशी येऊन का आटते, एवढाच माझा सवाल आहे.

कारण हेच काम मराठवाड्यातल्या महार-मांग वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत होते. गावात ढोर मेले की ते ओढून नेण्याचे काम त्यांच्याच माथी असे. वाट्याला आलेले मांस एका दिवसात संपत नसे आणि उद्या चूल पेटेल याची शाश्वती नसे. म्हणून त्याच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर उन्हात वाळत घालत. त्या कडक वाळल्या की झाल्या चान्या. हाताला काम नसे, घरात धान्य नसे, अशा दिवसांत त्या निखाऱ्यावर भाजून किंवा शिजवून पोरांच्या पोटात घास जाई. शाहू पाटोळे यांनी २०१५ च्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात हे अन्न सन्मानाने नोंदवले, तोवर आपल्या पाककृतींच्या पुस्तकांत त्याला क्वचितच जागा मिळे.

चान्या वाळवणाऱ्या बाईला आपण काय दिले? वेशीबाहेरची जागा, वरून ओतलेले पाणी आणि आयुष्यभराची किळस. महाडच्या चवदार तळ्यावर गुरे पाणी पीत, तिच्यासारख्या अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना मात्र बंदी होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या तळ्याचे पाणी घेतले, तेव्हा त्यांच्या माणसांना मारहाण झाली आणि तळे शेण-गोमूत्राने ‘शुद्ध’ करण्यात आले. जनावराच्या तोंडाने न बाटलेले पाणी माणसाच्या ओंजळीने बाटले!

कोणी म्हणेल, मेलेल्या जनावराचे मांस सोडा, असे बाबासाहेबांनीच महाडला सांगितले होते. हो, सांगितले होते. ते त्यांनी आपल्या माणसांना स्वाभिमानासाठी सांगितले, कारण ते मांस आणि ते शिळे-उष्टे ही गुलामीची मजुरी होती. त्या उपदेशाने ज्याने तो घास खाल्ला तो हलका ठरत नाही. ज्या समाजाने त्याला त्या घासावर आणून ठेवले, तो समाज आरोपी ठरतो. आपण मात्र आरोपीच्या पिंजऱ्यातून उठून न्यायाधीशाच्या आसनावर जाऊन बसलो.

या पापातून बाहेरगावी गेलेला मराठी माणूसही सुटत नाही. झाशी जिल्ह्यातल्या गुरसरायला मराठी ब्राह्मण घराण्याची जहागीर होती. बुंदेलखंडातल्या मराठी सत्तेच्या कथा आपण अभिमानाने सांगतो. त्या मुलखातही मेलेले जनावर ओढणारा माणूस अस्पृश्यच राहिला. आपल्या लोकांच्या हाती सत्ता आली, पण ती रीत त्यांनी मोडली नाही. मोडायला उठले ते ती सोसणारेच. स्वातंत्र्यानंतर उत्तर प्रदेशात नरा-मवेशी आंदोलन उभे राहिले. बाळाची नाळ कापणे आणि मेलेली गुरे उचलणे ही लादलेली कामे दलित स्त्री-पुरुषांनी नाकारली आणि त्या नकाराची किंमत अंगावर मार झेलून चुकवली.

हे जुने झाले, असे समजू नका. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमध्ये उना तालुक्यात, मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना उघडे करून, गाडीला बांधून मारहाण करण्यात आली. नाकारले तरी मार, केले तरी मार. आणि शहरात ‘मांसाहारी असाल तर घर मिळणार नाही’ असे भाडेकरूला तोंडावर सांगितले जाते. आडनाव विचारायची सोय नसली की ताट विचारतात.

आपण या तिरस्काराला शुद्धतेचे आणि अहिंसेचे नाव देत आलो. कुत्र्याच्या खाऊने ते नाव खोटे ठरवले आहे. मांस अपवित्र असते, तर ते सवर्णाच्या ओव्हनमध्ये शिरले नसते. सुकवण्याची किळस असती, तर ते काम हौसेने झाले नसते. आपला तिरस्कार मांसाचा कधीच नव्हता. तो माणसाचा होता.

म्हणून कुत्र्याला खुशाल प्रेमाने भरवा, पण एवढे करा. चान्यांचे नाव घेताना नाक मुरडणाऱ्याला घरातल्या पंगतीतच टोका. घर भाड्याने देताना कोणाचे ताट विचारू नका. गावात मेलेले जनावर आज कोण उचलतो, त्याला मजुरी किती, हातमोजे-बूट मिळतात की नाही, हे ग्रामपंचायतीला आणि नगरपालिकेला विचारा. ते काम जातीवरून सोपवले जात असेल, तर ग्रामसभेत उभे राहून हरकत घ्या. आणि मुलांना नामदेवांची गोष्ट सांगाल त्याच दिवशी महाडचीही सांगा. दोन्ही गोष्टी आपल्याच आहेत. पहिलीचा अभिमान हवा असेल, तर दुसरीचा हिशेब चुकता केल्यावाचून गत्यंतर नाही.