खप, गुण आणि प्रतीक्षा

व्हिडिओ गेमचे दोन निष्ठावंत चाहते एकत्र आले, की त्यांच्या बोलण्यात तीन प्रश्न हटकून येतात. अमुक खेळ कितपत चांगला आहे? तो किती खपला? आणि पुढे काय येणार आहे? साहित्याच्या अभ्यासकांना ही चर्चा बहुधा पोरकट वाटते. मला मात्र वाटते, की या तीन प्रश्नांच्या सरमिसळीत मूल्यनिर्णयाचा एक जुनाच पेच दडलेला आहे, आणि आपल्या वाङ्मयीन व्यवहारातही तो तितकाच जिवंत आहे. तिन्ही प्रश्न आपापल्या जागी रास्त आहेत. घोटाळा होतो तो एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटवल्यामुळे.

खपाचा प्रश्न आधी घेऊ. कारण त्याच्याकडेच आपण सर्वांत अधिक तुच्छतेने पाहतो. ज्याचा एक पैसाही कंपनीत गुंतलेला नाही, त्याने कंपनीच्या विक्रीचे आकडे तोंडपाठ का करावेत? याला एक व्यावहारिक कारण आहे. कादंबरी एकदा हाती पडली, की ती वाचण्यासाठी वाचकाला इतर वाचकांची गरज उरत नाही. कन्सोलवर खेळणाऱ्याचे तसे नाही. तो आधी यंत्र विकत घेतो, आणि त्या यंत्रासाठी पुढे किती खेळ तयार होतील हे ते यंत्र किती घरांत पोचले यावर ठरते. सेगा कंपनीने जानेवारी २००१मध्ये ‘ड्रीमकास्ट’चे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. लोकांच्या घरातली यंत्रे त्या दिवशी बिघडली नव्हती. त्यांचे भविष्य तेवढे संपले होते. याच यंत्रावर १९९९मध्ये सुरू झालेल्या ‘शेनमू’ या कथामालिकेचा दुसरा भाग २००१मध्ये आला आणि गोष्ट मध्येच तुटली. २०१५मध्ये चाहत्यांनी वर्गणीतून साठ लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी केली, तेव्हा कुठे तिसऱ्या भागाची वाट मोकळी झाली. तो आला २०१९मध्ये, आणि गोष्ट त्यातही संपली नाही. अशा चाहत्याला खपाची चिंता वाटली, तर तिला पोरकट कसे म्हणावे? ज्या कवीच्या पहिल्या संग्रहाची पाचशे प्रतींची आवृत्ती प्रकाशकाच्या गोदामात पडून आहे, त्याच्या दुसऱ्या संग्रहाची वाट पाहणारा मराठी वाचकही याच चिंतेचा वाटेकरी असतो.

पण चिंता रास्त असली, तरी आकडा साक्षीदार म्हणून फार भरवशाचा नाही. चित्रपटावर बेतलेला ‘ई. टी.’ हा अटारी कंपनीचा खेळ १९८२च्या नाताळासाठी अवघ्या पाचेक आठवड्यांत तयार करण्यात आला. त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. तरीही तो अपयशाचे प्रतीक ठरला. कारण छापल्या होत्या त्याहून कितीतरी अधिक. न विकली गेलेली कार्ट्रिजे न्यू मेक्सिकोतील अॅलमगोर्डो येथे पुरण्यात आली, आणि २०१४मध्ये उत्खनन करून ती बाहेरही काढण्यात आली. पुढे २०१३मध्ये ‘टूम रेडर’च्या नव्या अवताराच्या पहिल्या चार आठवड्यांत ३४ लाख प्रती विकल्या गेल्या, आणि स्क्वेअर एनिक्स या प्रकाशक कंपनीने त्या अपेक्षेपेक्षा कमी असल्याचे सांगितले. म्हणजे खपाचा आकडा बोलतो तो कृतीविषयी नव्हे, तर कोणाच्या तरी अपेक्षेविषयी. मुखपृष्ठावर ‘दहावी आवृत्ती’ असे छापतो, तेव्हा एकेका आवृत्तीच्या प्रती किती होत्या हे आपण तरी कुठे सांगतो?

मग चाहता गुणांकडे वळतो; पण येथेही त्याच्या हाती बहुधा आकडाच लागतो. अनेक परीक्षणांतील गुणांची सरासरी काढून एकच अंक देणारे ‘मेटाक्रिटिक’ २००१मध्ये सुरू झाले. या अंकाला पुढे इतके वजन आले, की २०१०च्या ‘फॉलआऊट : न्यू वेगस’ या खेळाच्या निर्मात्यांना ८५ गुण मिळाले तर अधिकचा मोबदला देण्याचे ठरले होते. गुण मिळाले ८४, आणि तो मोबदला हुकला. चौऱ्याऐंशी आणि पंचाऐंशी यांतील फरक ज्या भाषेत सांगता येईल, अशी समीक्षेची कोणतीही भाषा अस्तित्वात नाही. अंकाचे आकर्षण मात्र समजू शकते. अंक वाद मिटवल्याचा आभास निर्माण करतो आणि ‘मला का आवडले’ हे सांगण्याच्या कष्टातून सुटका करतो.

तिसरा प्रश्न प्रतीक्षेचा, आणि तो मला सर्वांत धोक्याचा वाटतो. न आलेल्या कृतीत दोष नसतात. ‘सायबरपंक २०७७’ची घोषणा २०१२मध्ये झाली. डिसेंबर २०२०मध्ये तो बाजारात येईपर्यंत त्याच्या ८० लाख प्रतींची आगाऊ नोंदणी झालेली होती. समीक्षकांना आधी केवळ संगणकावरची आवृत्ती दाखवण्यात आली. जुन्या कन्सोलवर तो इतका सदोष निघाला, की आठवड्याभरातच सोनीने आपल्या दुकानातून तो काढून टाकला. परत आला तो जून २०२१मध्ये. पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या आणि २०२३मधील जोडभागाची तर प्रशंसाही झाली. पण मुद्दा वेगळाच आहे. आठ वर्षे चाहते ज्या कृतीवर भांडत होते, ती अस्तित्वातच नव्हती. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’च्या सहाव्या भागाची पहिली झलक डिसेंबर २०२३मध्ये दाखवण्यात आली, आणि २०२५ या एकाच वर्षात त्याची तारीख दोनदा पुढे ढकलली गेली, तरी ‘सर्वकाळातील सर्वश्रेष्ठ’ हे विशेषण त्याला केव्हाच बहाल झाले होते. आस्वाद हा कृतीनंतर येतो, हा साधा क्रमच येथे उलटा होतो. आपली प्रकाशनपूर्व सवलत आणि प्रकाशन समारंभातच ‘मैलाचा दगड’ ठरणारे पुस्तक आठवावे. फरक केवळ संख्येचा आहे.

तर मग गुणवत्तेविषयी बोलायचे म्हणजे काय करायचे? माझे उत्तर साधे आहे : वर्णन करायचे. फुमितो उएदा यांचा ‘इको’ हा खेळ २००१मध्ये आला. शिंगे असलेला एक मुलगा ओसाड गढीतून एका मुलीला सोबत घेऊन बाहेर पडू पाहतो. तिची भाषा त्याला कळत नाही. खेळणाऱ्याने बटण दाबून धरले, तरच तिचा हात मुलाच्या हातात राहतो. बोट उचलले, की हात सुटतो. तिला एकटी सोडून फार दूर गेले, तर सावल्यांसारखे प्राणी येतात आणि तिला ओढून काळोख्या विवरात नेऊ लागतात. खेळ जतन करून थांबायचे असेल, तर दोघांनी दगडी बाकावर शेजारी बसावे लागते. येथे जबाबदारी हा कथेचा ‘विषय’ म्हणून सांगितलेला नाही. ती खेळणाऱ्याच्या बोटात आहे. आशय आणि अभिव्यक्ती यांच्या अद्वैताविषयी आपण वर्गात तासन्‌तास बोलतो. त्याचे याहून नेटके उदाहरण मला चटकन सुचत नाही. वरच्या सात-आठ वाक्यांत एकही गुणांक नाही, खपाचा आकडा नाही, आगामी भागाची बातमी नाही. तरीही त्यांच्याशी असहमत होता येते. त्या बाकावर बसण्यात भावुकतेचा अतिरेक आहे, असे कोणी म्हणेल, आणि तेथून खरी चर्चा सुरू होईल. ८४ या अंकाशी असहमत होऊन पुढे कोठे जाणार?

अर्थात चाहत्यांकडून शिकण्यासारखेही आहे. ते एकच कृती पुनःपुन्हा अनुभवतात, तिचे तपशील मुखोद्गत ठेवतात आणि बाजाराने टाकून दिलेल्या खेळांची आठवण वर्षानुवर्षे जपतात. समानधर्मा कधीतरी, कोठेतरी जन्माला येईल, असा भवभूतीला भरवसा होता. अठरा वर्षे ‘शेनमू’साठी थांबणारा चाहता त्याच गोत्रातला म्हणायला हरकत नाही. त्याच्याकडे निष्ठा आहे, स्मरण आहे, भांडण्याची उमेदही आहे. नाही ती शब्दांची सवय. आपल्या साहित्यवर्गात शब्दांचा तुटवडा नाही. पण पुस्तकावरून मनापासून भांडणारा विद्यार्थी मात्र शोधावा लागतो. यांपैकी कोणती उणीव अधिक मोठी, याचा विचार चाहत्यांना हसण्यापूर्वी आपण अध्यापकांनी जरूर करावा.