बोनेट उघडा, हार नंतर घाला

मोरगावचा दसरा मोठा. मयूरेश्वराची पालखी निघते, आदल्या दिवशी खंडेनवमीला घरोघरी शस्त्रांची, अवजारांची पूजा होते. ज्या घरात गाडी होती तिथे कोयत्या-कुऱ्हाडीशेजारी पान्यांचा सेट आणि तेलकट पक्कडही पाटावर मांडली जायची. आता गाड्या वाढल्या, पाने गेले. बोनेटवर झेंडूचा हार पडतो, चाकाखाली लिंबू चिरडले जाते आणि बोनेट स्वतः मात्र पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत बंद.

गाडीची रोजची निगा घरच्या घरी राखण्याची सवय आपल्या डोळ्यांदेखत मोडते आहे. ती आपणच वाचवायला हवी.

लगेच उत्तर येते: आताच्या गाड्या कॉम्प्युटरवर चालतात, त्यात आपण काय हात घालणार? इंजेक्शन आणि सेन्सरच्या बाबतीत हे खरेच आहे. पण कूलंटची टाकी, एअर फिल्टर, बॅटरी, टायर यांना कॉम्प्युटरशी काही देणेघेणे नाही. बहुतेक गाड्यांत ऑइलची पट्टीही आहे तिथेच आहे. सपाट जागेवर, इंजिन बंद करून थोड्या वेळाने ती काढायची, पुसायची, पुन्हा आत घालून पाहायची. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवे. एवढेच.

मोरगाव-सुप्याच्या जिरायती पट्ट्यात तर फिल्टरकडे जास्तच लक्ष हवे. उन्हाळ्यात शेतरस्त्यावरची धूळ थेट इंजिनच्या नाकात जाते. कंपनीच्या पुस्तकात फिल्टर बदलायचे जे अंतर दिलेले असते, ते धुळीच्या भागासाठी कमी धरा, असे बहुधा त्याच पानावर बारीक अक्षरात छापलेले असते. वाचतो कोण? एअर फिल्टरच्या डब्याला बहुतेक गाड्यांत चार क्लिपा किंवा स्क्रू असतात. कागदी फिल्टर बाहेर काढून हलकेच आपटावा, हवा मारायचीच तर आतून बाहेर आणि बेताने. पाण्याने धुवायचा मात्र नाही. काळवंडला असेल तर सरळ नवा आणावा. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर धरला असेल तर आधी निगेटिव्हची वायर सोडवा, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून घासा, कोरडे करून थोडे व्हॅसलीन लावा, जोडताना निगेटिव्ह शेवटी.

घरापासून लांब निघतानाही तेच. अष्टविनायकाची यात्रा आपल्या मोरगावापासून सुरू होते. सिद्धटेक, मग सह्याद्री उतरून पाली. गाडी अख्खे कुटुंब घेऊन घाट उतरणार आणि स्टेपनीत हवा आहे का, जॅक कुठे ठेवलाय, हे कोणी पाहिलेले नसते.

याच परिसराची गंमत पाहा. इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या वालचंद हिराचंदांनीच 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेल्या पद्मिनी मोटारीचे प्लग साफ करणे हे मालकाचे घरचे काम असे. आज बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओची तीनचाकी बनते. इंजिने आपल्या तालुक्यात जुळवली जातात आणि बोनेटची कळ शोधायला आपण फोन लावतो!

दोष सगळा आपलाच नाही. सुटे भाग, तपासणीची यंत्रे आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 कार कंपन्यांना मिळून 2,544 कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. प्रकरण पुढे न्यायालयात गेले. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही काढले, त्यात वाहने आहेत. पण जो ग्राहक स्वतःच्या गाडीचे पुस्तक प्लास्टिकमधून बाहेर काढत नाही, त्याच्यासाठी हा हक्क कोण भांडून आणणार?

म्हणून या खंडेनवमीला पूजेआधी अर्धा तास काढा. घरातल्या मुलाला आणि मुलीलाही शेजारी उभे करा, पट्टी त्यांच्या हातात द्या. ज्यांनी वडापच्या जीपा वर्षानुवर्षे पळत्या ठेवल्या, त्या जुन्या मिस्त्रींना एखाद्या रविवारी शाळेच्या मैदानात बोलावू, चहा आपला. मिस्त्रींच्या पोटावर पाय येईल ही भीती नको, ज्याला गाडी कळते तो आजार वाढण्याआधी त्यांच्याकडे जातो.

हद्दही पाळू. वॉरंटीतल्या गाडीचे ठरलेले सर्व्हिसिंग कंपनीकडेच करा. ब्रेक, एअरबॅग, सीएनजी किट आणि इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी वायरी यांना हात लावू नका. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही शिरायचे नाही.

आणि जे घरी ऑइल बदलतील, त्यांनी जुने ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे द्यावे, तो रिसायकलवाल्याला देतो का हेही विचारावे. ओढ्यात ओतलेले सगळे शेवटी कऱ्हा नदीतच जाते.