कोळसा जमिनीत, गायरान कसणाऱ्याला!

कोळसा खुशाल जाळा, धुरातला कार्बन वायू यंत्राने पकडून जमिनीत गाडू, असे आज तज्ज्ञ म्हणविणारे सांगत आहेत. हे खरे आहे काय? लंडनच्या मॅकग्लेड आणि एकिन्स या संशोधकांनी २०१५ साली 'नेचर'मध्ये याचा हिशेब मांडला. तापमानवाढ २ अंशांच्या आत रोखायची तर २०५० पर्यंत जगातील ८८ टक्के कोळसा साठा न जाळता ठेवावा लागेल. वायू पकडणारे यंत्र वापरले तरी ८२ टक्के! म्हणजे एवढ्या गाजावाजातून सूट मिळते ती अवघी ६ टक्क्यांची.

शिवाय या यंत्राला जादा कोळसा लागतो, जादा पाणी लागते. शेजारच्या परळीचे औष्णिक वीज केंद्र २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद पडले. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा मराठवाड्यात यंत्रासाठी पाणी कोणाच्या हंड्यातून काढणार? सर्वांत कमी वीज वापरणारा भूमिहीन मजूरच दुष्काळात सर्वांत आधी गाव सोडतो, हे धाराशिवकरांना सांगायला नको.

मग वीज नको काय? हवीच. मजूरमंत्री असताना १९४३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला, कारण उद्योगांशिवाय दारिद्र्य हटणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. आज ती वीज ऊन आणि वारा देऊ शकतो. धाराशिवच्या माळावर पवनचक्क्या फिरत आहेत, सौर प्रकल्प उभे राहत आहेत.

पण हे तंत्रज्ञान कोणाच्या जमिनीवर उभे राहणार? राज्याच्या सौर कृषी वाहिनी योजनेत गायरानेही घेतली जात आहेत. कागदावर पडीक दिसणारी ही जमीन मराठवाड्यात भूमिहीन दलितांनी घाम गाळून कसली आहे. तिच्यासाठी दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली सत्याग्रह केले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ मध्ये घेतला. तरीही अनेक कसणाऱ्यांच्या हाती आजही सातबारा नाही.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. कोळशाला जीवदान देणारे यंत्र नको, सौरऊर्जा हवी. मात्र आधी सातबारा, मग सौर पॅनेल. आणि भाडे कसणाऱ्याच्या हातात. नाहीतर कोळशाने गाव सोडायला लावलेल्या माणसाला सूर्याच्या नावाखाली पुन्हा बेदखल केले जाईल.