ठिपक्यांच्या रंगामागचे गणित

स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या सीमेवरील डोंगराळ कुरणांत मेंढपाळ एका जागी उभा राहून शिटी वाजवतो आणि दूर उतारावरचा कुत्रा त्या शिटीबरहुकूम कळप डावी-उजवीकडे वळवतो. हे सारे काम कुत्र्याच्या कानांवर आणि नजरेवर चालते. बॉर्डर कॉली, रफ कॉली, शेटलंड शीपडॉग आणि नाव ऑस्ट्रेलियाचे असले तरी अमेरिकेत घडलेला ऑस्ट्रेलियन शेफर्ड, या राखणदार जातींमध्ये एक देखणा रंग आढळतो. निळसर राखाडी किंवा फिकट तपकिरी अंगावर गडद ठिगळे, कधी एखादा डोळा निळा. या रंगाला ‘मर्ल’ म्हणतात. मात्र मर्लचे जनुक आई आणि वडील अशा दोघांकडूनही आले, तर पिल्लाचे कान किंवा डोळे, किंवा दोन्ही अधू होण्याचा धोका मोठा असतो.

हा विषय आता श्वानप्रेमींच्या मंडळांपुरता राहिलेला नाही. युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये कुत्र्या-मांजरांच्या पैदाशीसाठी आणि विक्रीसाठी समान नियमांचा मसुदा मांडला आणि जून २०२५ मध्ये युरोपीय संसदेने त्यावर आपली भूमिका मंजूर केली. मायक्रोचिप, जवळच्या नात्यातील जोड्यांवर बंदी, प्राण्याला त्रास होईल अशा टोकाच्या शारीरिक लक्षणांसाठी पैदास न करणे, असे मुद्दे त्यात आहेत. चपट्या नाकाच्या कुत्र्याला होणारा श्वासाचा त्रास समोर दिसतो. मर्लचा धोका मात्र जोडी ठरवतानाच ओळखावा लागतो, कारण त्या जोडीतले आई-वडील स्वतः सहसा ठणठणीत असतात.

हे का घडते ते समजून घेऊ. काळा आणि तपकिरी रंग देणारे मेलॅनिन रंगपेशींमधील सूक्ष्म पिशव्यांत तयार होते. ‘पीएमईएल’ नावाच्या जनुकापासून बनणारे प्रथिन या पिशव्यांत तंतूंचे जाळे विणते आणि त्या जाळ्यावर रंग बसतो. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील ली अ‍ॅन क्लार्क, कीथ मर्फी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवून दिले, की मर्ल कुत्र्यांत या जनुकामध्ये डीएनएचा एक छोटा आगंतुक तुकडा घुसलेला असतो. त्याच्या टोकाला ‘ए’ या एकाच अक्षराची लांबलचक माळ असते. माळ जितकी लांब, तितका जनुक वाचताना पेशीचा घोळ मोठा आणि साधारणपणे रंगही तितका फिका. शरीर घडत असताना काही पेशींत ही माळ आपोआप आखूड होते आणि त्या पेशींपासून निपजलेल्या पेशींत रंग पुन्हा नीट उतरतो. मर्लची गडद ठिगळे अशी तयार होतात.

रंगपेशींचे काम कातडीपुरते नसते. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या केसपेशी ज्या द्रवात असतात, त्यातले पोटॅशियम योग्य पातळीवर राखणाऱ्या थरात रंगपेशीही असतात. त्या नसल्या तर हा थर खंगतो, केसपेशी मरतात आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ऐकण्याची शक्ती कायमची जाते. माणसांतही वार्डनबर्ग सिंड्रोम या आनुवंशिक विकारात निळे डोळे, कपाळावरची पांढरी बट आणि बहिरेपण एकत्र दिसतात, त्यामागेही रंगपेशींचाच अभाव असतो. डोळ्याच्या घडणीतही या पेशींचा वाटा आहे. म्हणून दुहेरी मर्ल पिल्लांत डोळे खूप लहान राहणे, बाहुली मध्यापासून सरकलेली असणे, डोळ्याच्या आतल्या पडद्यांत खाच राहणे असे दोष आढळतात. अशी पिल्ले बहुधा बरीचशी पांढरी असतात.

धोका नेमका किती? जॉर्ज स्ट्रेन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये वेगवेगळ्या जातींच्या १५३ मर्ल कुत्र्यांच्या श्रवणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. मर्ल जनुकाची एकच प्रत असलेल्या कुत्र्यांत २.७ टक्के एका कानाने आणि ०.९ टक्के दोन्ही कानांनी बहिरे होते. दोन प्रती असलेल्यांत हेच आकडे १० आणि १५ टक्के निघाले. म्हणजे दुहेरी मर्लपैकी चारातल्या एकाच्या श्रवणात दोष होता. प्रत्येक दुहेरी मर्ल बहिरा असतोच असे नाही आणि एकेरी मर्लही शंभर टक्के निर्धोक नाही. पण दोन्हींतला फरक इतका मोठा आहे, की तो माहीत असूनही जुगार खेळणे हा निष्काळजीपणा ठरतो.

आता पैदाशीचे गणित पाहू. एक मर्ल आणि एक साधा कुत्रा अशी जोडी लावली, तर आठ पिल्लांच्या वेतात सरासरी चार मर्ल आणि चार साधी निघतात. दुहेरी मर्ल एकही नाही. दोन्ही पालक मर्ल असतील तर सरासरी दोन साधी, चार एकेरी मर्ल आणि दोन दुहेरी मर्ल. एकेरी मर्ल पिल्ले दोन्ही वेळा चारच! मर्लशी मर्ल जोडून विकण्याजोगे एकही निरोगी मर्ल पिल्लू जास्त मिळत नाही. वाढतात ती फक्त धोक्यातली पिल्ले, आणि तीही साध्या पिल्लांच्या जागी.

मग असे कोणी का करते? एक कारण अज्ञान. दुसरे कारण हिशेबी आहे. दुहेरी मर्ल कुत्र्याची साध्या मादीशी जोडी लावली, तर वेतातले प्रत्येक पिल्लू मर्ल निघते. ज्या बाजारात मर्लला जास्त भाव आहे, तिथे पांढरा, कदाचित बहिरा असा एक कुत्रा केवळ नर म्हणून बाळगण्याचा मोह होतो. त्याच्यासोबत जन्मलेल्या भावंडांचे काय झाले, हे मात्र जाहिरातीत येत नाही.

तिसरे कारण फसवे आहे. मर्लचा परिणाम काळ्या-तपकिरी रंगावर होतो, लाल-पिवळ्यावर जवळजवळ नाही. त्यामुळे क्रीम किंवा सोनेरी कुत्रा अंगात मर्ल बाळगूनही साधा दिसू शकतो. माळ फारच आखूड असेल तर गडद कुत्र्यातही ठिपके उमटत नाहीत. अशा दोन ‘साध्या दिसणाऱ्या’ कुत्र्यांच्या हिशेबात डोळ्यांवर विसंबणे पुरेसे नाही. गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने घेतलेल्या नमुन्यावरून डीएनए चाचणी करता येते आणि माळेची लांबीही मोजता येते.

राखणदार जातींच्या जुन्या जाणत्या ब्रीडरना मर्लची जोडी साध्याशीच लावायची हे ठाऊक असते. ब्रिटनच्या केनेल क्लबने तर २०१३ पासून दोन मर्ल पालकांच्या पिल्लांची नोंदणीच बंद केली. जर्मनीच्या प्राणी संरक्षण कायद्यातले कलम ११ ब संततीला वेदना किंवा इजा होईल अशा पैदाशीला मनाई करते. अडचण आहे ती या रंगाच्या प्रसाराची. संकरातून मर्ल आता फ्रेंच बुलडॉग, पोमेरेनियन अशा जातींत शिरला आहे, जिथे तो मुळात नव्हता. ‘दुर्मिळ रंग’ म्हणून विकणाऱ्या हातांत रंग पोहोचतो, त्यामागचे ज्ञान पोहोचत नाही. केनेल क्लबची नोंदणी ऐच्छिक असल्याने तिच्या बाहेरच्या बाजारावर तिचा अंकुशही चालत नाही. म्हणूनच सर्वांना लागू होणाऱ्या कायद्याची गरज आहे, आणि त्यात रूपाबरोबर जोडीच्या जनुकांचाही विचार हवा.

आपल्या शहरांतही हा प्रश्न परका नाही. ग्रेट डेनचा ‘हार्लेक्विन’ आणि डॅशहंडचा ‘डॅपल’ हे मर्लचेच अवतार आहेत. भारतात २०१७ च्या श्वान प्रजनन व विपणन नियमांनुसार ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. खरेदीदाराने नोंदणी क्रमांक मागावा. आई-वडील दोघांचा रंग विचारावा, शक्यतो दोघांनाही पाहावे. मर्ल रंगाचे पिल्लू असेल तर दोन्ही पालकांचा डीएनए अहवाल मागावा. पिल्लाची श्रवणचाचणी झाली आहे का, हेही विचारावे. आवाज ऐकवून मेंदूपर्यंत जाणारे विद्युतसंकेत मोजणारी ‘बीएईआर’ चाचणी पाच-सहा आठवड्यांच्या वयापासून करता येते. टाळी वाजवून पाहणे पुरेसे नसते, कारण एकाच कानाने बहिरे पिल्लू टाळीला मान वळवते.

बहिरे पिल्लू आधीच घरात आले असेल, तर त्याला दोष देऊ नये. हातांच्या खुणांवर बहिरे कुत्रे उत्तम शिकतात आणि मजेत जगतात. त्याच्यापासून पुढे पैदास मात्र करू नये. मर्ल रंग सुंदर आहे आणि तो जपण्यात काही गैर नाही. त्यासाठी दोनपैकी एक पालक मर्ल नसलेला निवडावा लागतो, एवढेच. या निवडीत ब्रीडरचे एकेरी मर्ल पिल्लू एकही कमी होत नाही.