खेळाडूच्या नावाचा धनी कोण?

कल्याणमध्ये ४ आणि ५ जानेवारी २०१६ या दोन दिवसांत प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलाने एका डावात नाबाद १००९ धावा काढल्या. आंतरशालेय सामन्यात ३२७ चेंडूंत झालेल्या या खेळीने कॉलिन्सचा १८९९ सालचा ६२८ धावांचा विक्रम मागे टाकला आणि एका रिक्षाचालकाच्या मुलाचे नाव जगभर गेले. मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याला पाच वर्षांसाठी दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. पुढच्याच वर्षी, मुलाचा खेळ मनासारखा होत नाही असे पाहून, ही रक्कम थांबवावी अशी विनंती कुटुंबानेच स्वतःहून केली.

या विनंतीतील सचोटीपुढे कोणाचीही मान लवावी. परंतु तिच्यात एक अस्वस्थ करणारा प्रश्नही दडलेला आहे. ती शिष्यवृत्ती धावांची किंमत होती, की उमेदीच्या वर्षांत खेळ शिकण्याचा आधार? खेळ बिघडतो त्याच काळात खेळाडूला आधाराची गरज सर्वांत अधिक असते. तरीही एका कष्टकरी कुटुंबाला वाटले की, नाव गाजेनासे झाले म्हणजे पैशावरचा हक्कही संपला.

ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील महाविद्यालयांच्या आवारात हाच प्रश्न आता निराळ्या रूपाने येत आहे. बूट, प्रोटीन पावडर, व्यायामशाळा, खासगी क्लास यांचे विक्रेते मोबाइलच्या पडद्यावर थोडेफार चाहते मिळवलेल्या महाविद्यालयीन खेळाडूंकडे वळत आहेत. नाव आणि चेहरा द्या, मोबदला घ्या, असा हा व्यवहार. त्याचे स्वागत करावे की त्याकडे संशयाने पाहावे, याविषयी पुरोगामी वर्तुळांतही एकमत नाही. खेळाचा बाजार होऊ नये ही भूमिका ऐकायला उदात्त वाटते; परंतु या औदात्त्याचा इतिहास तपासून पाहिला पाहिजे.

हौशी खेळाची कल्पना जन्मली ती इंग्लंडच्या धनिक वर्गात. हेन्लीच्या प्रसिद्ध नौकास्पर्धेने १८७९ मध्ये हौशी खेळाडूची व्याख्या केली, तेव्हा मजुरी करून जगणारे कारागीर आणि कामगार यांना तिने नावानिशी वगळले. ज्याला पोटाची चिंता नाही त्यानेच खेळावे, असा त्या शुद्धतेचा अर्थ होता. अमेरिकेत हे तत्त्व विद्यापीठांनी उचलले आणि त्यावर अब्जावधी डॉलरांचा धंदा उभारला. १९५५ मध्ये रे डेनिसन हा कोलोरॅडोतील महाविद्यालयीन फुटबॉलपटू सामन्यातील दुखापतीने मरण पावला. त्याच्या विधवेने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. ती १९५७ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नाकारली. अशा मागण्यांपासून बचाव व्हावा म्हणूनच ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द रूढ करण्यात आला, अशी कबुली महाविद्यालयीन क्रीडा संघटनेचे दीर्घकाळचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी १९९५ च्या आपल्या पुस्तकात दिली. प्रशिक्षकांना लाखो डॉलरांचे वेतन मिळत होते, दूरचित्रवाणीचे हक्क विकले जात होते. केवळ खेळणाऱ्याने निःस्पृह राहावयाचे होते.

ही तटबंदी न्यायालयीन लढ्यांनी ढासळली. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक लाभांवरील मर्यादांविरुद्ध एकमताने निर्णय दिला आणि १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपले नाव व चेहरा जाहिरातीसाठी देऊन पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. ६ जून २०२५ रोजी मंजूर झालेल्या तडजोडीने आणखी पुढचे पाऊल टाकले. पूर्वीच्या खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलरांची भरपाई देण्याचे ठरले आणि विद्यापीठांना आपल्या क्रीडा-उत्पन्नातून खेळाडूंना थेट वाटा देण्याची परवानगी मिळाली. मात्र या भरपाईचा सुमारे ९० टक्के भाग पुरुषांच्या फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जाईल असा अंदाज पुढे आला, आणि काही महिला खेळाडूंनी त्याविरुद्ध अपील केले. हक्क मिळाला, समता मिळाली नाही.

भारतात जाहिरातीच्या उत्पन्नाला अशी सर्वंकष बंदी कधी उभी राहिलीच नाही. येथे उणीव आहे ती संरक्षणाची. झहीर खान हा श्रीरामपूरचा तरुण गोलंदाज २००० साली भारतीय संघात आला, त्याच सुमारास एका कंपनीने त्याच्याशी जाहिरातींचा तीन वर्षांचा करार केला. मुदत संपल्यावरही दुसऱ्या कोणाचा प्रस्ताव स्वीकारण्यापूर्वी तो प्रथम याच कंपनीपुढे ठेवावा, असे बंधन त्यात होते. करार कायद्याच्या २७ व्या कलमाचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ते बंधन मुदतीनंतर निरर्थक ठरवले. भारतीय संघातील खेळाडूला जो न्याय सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन मिळाला, तो उल्हास नदीकाठच्या एखाद्या कबड्डीपटूने कोणत्या पैशावर मिळवावा? २०२४ मध्ये पॅरिसला दोन कांस्यपदके जिंकणाऱ्या मनू भाकरची छायाचित्रे अनेक कंपन्यांनी परवानगीविना वापरली, तेव्हा तिच्या व्यवस्थापन संस्थेने नोटिसा धाडल्या. डोंबिवलीतील धावपटू मुलीच्या मागे अशी संस्था नसते.

कायद्याचे ओझे मात्र तिच्याही डोक्यावर असते. अठरा वर्षांखालील विद्यार्थ्याने स्वतः केलेला करार मुळातच रद्दबातल ठरतो. अकरावी-बारावीतील बहुतेक खेळाडू याच वयाचे. फसव्या जाहिरातीबद्दल जाहिरात करणाऱ्या व्यक्तीलाही १० लाख रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. मोबदला बुटांच्या किंवा उपकरणांच्या रूपाने मिळाला तरी तो करपात्र ठरू शकतो. प्रोटीन पावडरीच्या डब्याबरोबर आपण कोणती जबाबदारी घरी नेत आहोत, हे त्या विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही.

आणि खेळाडूचा चेहरा फुकट वापरणारे केवळ व्यापारीच आहेत काय? महाविद्यालयांच्या प्रवेशाच्या माहितीपत्रकांवर, क्लासच्या फलकांवर विजेते झळकतात. स्टेशनबाहेरच्या अभिनंदनाच्या फलकावर पदक मिळवणाऱ्या मुलीचे छायाचित्र टपाल तिकिटाएवढे आणि अभिनंदन करणाऱ्या नेत्याचे पुरुषभर असते. ही जाहिरात कोणाची होते, हे सांगावयास नको. तिचा मोबदला त्या मुलीला मिळत नाही.

तेव्हा पहिली गोष्ट निःसंदिग्धपणे मान्य केली पाहिजे : खेळाडूच्या नावाचा धनी खेळाडूच. त्यावर महाविद्यालयाचा, संघटनेचा वा प्रशिक्षकाचा हक्क नाही. मुंबई विद्यापीठाने सोप्या मराठीत एक आदर्श करारनामा तयार करावा. करार अल्प मुदतीचा असावा, दुखापतीच्या कारणाने खेळाडूला दंड होऊ नये, परीक्षा आणि सराव यांचे दिवस मोकळे राहावेत आणि छायाचित्राच्या प्रत्येक वापरासाठी लेखी संमती लागावी, एवढ्या अटी त्यात हव्यातच. क्रीडाशिक्षकाला या व्यवहारात दलाली करता येऊ नये. विधी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी असे करार विनामूल्य तपासून दिले, तर त्यांचेही शिक्षण होईल.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जाहिरातीचे उत्पन्न यशानंतर येते. खर्च मात्र यशापूर्वीच्या वर्षांत होतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी खाशाबा जाधवांना पैसे उभे करता यावेत म्हणून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर ७,००० रुपयांना गहाण टाकले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक एका शिक्षकाच्या गहाणखतावर आले. त्या क्षणी खाशाबांच्या नावावर पैसे लावणारा कोणी जाहिरातदार उभा नव्हता, आणि आजही अप्रसिद्ध खेळाडूपुढे तो उभा नसतो. बाजार प्रसिद्धी विकत घेतो. ती घडवण्याचा खर्च तो आई-वडिलांवर टाकतो. अजिंक्य रहाणे डोंबिवलीत वाढला, तो एका नोकरदार कुटुंबाने सोसलेल्या अशाच वर्षांमुळे.

हा खर्च सार्वजनिक असला पाहिजे. ‘खेलो इंडिया’ योजनेत निवडलेल्या खेळाडूंना दरमहा १०,००० रुपयांचा भत्ता ठरवण्यात आला, परंतु त्या निवडीबाहेर राहणाऱ्यांची संख्या कितीतरी मोठी आहे. ठाणे महापालिकेच्या सय्यद मोदी बॅडमिंटन प्रशिक्षण योजनेने नगरपालिकांना काय करता येते हे दाखवले आहे. तोच मार्ग कबड्डी, खो-खो, कुस्ती आणि मैदानी खेळांपर्यंत न्यावा. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी जाहिरात फलकांच्या परवाना शुल्कातील ठरावीक हिस्सा महाविद्यालयीन खेळाडूंचा रेल्वे पास, आहार आणि अपघात विमा यांसाठी राखून ठेवावा. शहराच्या आकाशात जाहिराती उभ्या राहतात, तर त्यांच्या पैशातून शहराच्या मैदानांवरील मुलांना दूध मिळावे, यात अवास्तव काही नाही. मैदाने सभा-मंडपांतून मुक्त ठेवणे हीदेखील याच मागणीची दुसरी बाजू आहे.

कार्यकर्त्यांनी या कामाची सुरुवात स्वतःपासून करावी. विजेत्या खेळाडूच्या अभिनंदनाचा फलक लावताना त्यावर पुढाऱ्याचा चेहरा असू नये, आणि फलकाला लागणारा पैसा त्या खेळाडूच्या हाती देता येईल काय, याचा आधी विचार व्हावा. आपापल्या विभागातील महाविद्यालयांत किती खेळाडू असे करार करतात, कोणत्या अटींवर करतात, याची नोंद घेऊन ती विद्यापीठापुढे आणि महापालिकेपुढे मांडावी.

२०१७ साली कल्याणच्या एका घरातून शिष्यवृत्ती थांबवण्याची विनंती निघाली. खेळाडूचा पडता काळ हाही त्याच्या शिक्षणाचाच भाग आहे आणि त्याचा भार समाजाने उचलावयाचा आहे, हे या शहरांना पटेल, तेव्हा अशी विनंती करण्याची वेळ कोणत्याही घरावर येणार नाही.