हे पांघरूण माझं!

परवा माळ्यावरची पिशवी काढली. मुलांचे स्वेटर, तोरणं, रुखवतातले रुमाल यांची उरलेली लोकर! तिचंच क्रोशाचं पांघरूण करायला घेतलंय. रोज पाच इंचांचा एक चौकोन. बारा बाय पंधरा, म्हणजे १८० चौकोन; सहा महिने सहज. सासूबाई म्हणाल्या, "अगं, बाजारात तयार मिळतं की!"

मिळतं ना. पण आजवर विणलं ते दुसऱ्यासाठी, तेही बारशाच्या नाहीतर लग्नाच्या तारखेआधी. याला तारीखच नाही. आमच्या लवळ्यातल्या आज्ज्या उन्हाळ्यात जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायच्या, त्यातही घाई नसे. २०१६ मध्ये चेन्नईत 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स'नी घरोघरी विणलेले तुकडे जोडून ११,१४८.५ चौरस मीटरच्या पांघरुणाचा गिनीज विक्रम केला. तिथंही प्रत्येकीनं आपला तुकडा टाक्या-टाक्यानंच विणला!

एकच काळजी घ्या. लोकर एकाच जाडीची निवडा, सुती दोरा त्यात मिसळू नका. धुतल्यावर चौकोन ओढले जातात.

मैत्रिणींनो, बचत गटात आपण पैसे साठवतो. मग रोजचा अर्धा तास स्वतःच्या नावावर साठवायला काय हरकत आहे? हे पांघरूण मात्र मी कुणालाही देणार नाही.