अश्वगंधा घ्या, पण साडेदहाचा कॉल कोण घेणार?

हल्ली ऑफिसात नुसतं "झोप लागत नाही रे" म्हणायचा अवकाश, सल्ला तयार असतो. "अश्वगंधा सुरू कर. नॅचरल आहे, साइड इफेक्ट नाहीत." माझा आक्षेप इथूनच सुरू होतो.

आधी हे सांगतो की अश्वगंधेला मी थोतांड म्हणत नाही. 'विथानिया सोम्निफेरा' या तिच्या शास्त्रीय नावातच झोप आहे. २०२१ मध्ये 'प्लॉस वन'मध्ये पाच चाचण्यांचा, एकूण ४०० जणांचा आढावा आला. त्यात झोपेला फायदा दिसला, पण थोडाच. रोज ६०० मिलिग्रॅम, आठ आठवडे तरी घेतलं तर जरा जास्त. म्हणजे आज गोळी आणि आजच झोप, असा मामला नाही. आणि साइड इफेक्ट? यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, थायरॉइडचं गणित बिघडू शकतं, गरोदरपणात तर घेऊच नये. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. नॅचरल तर धोतराही असतो!

पण माझं खरं भांडण वेगळंच आहे. आमच्याकडे वेलनेस वीकमध्ये एचआरने अश्वगंधेची सॅम्पल्स वाटली. त्याच आठवड्यात रात्रीचे कॉल मात्र जसेच्या तसे. कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. कॉल संपला तरी डोकं तासभर चालूच. मग घ्या गोळी! मेमरी लीक तशीच ठेवून सर्व्हर रोज रीस्टार्ट करण्यातला हा प्रकार. कोडमध्ये असलं काही केलं तर रिव्ह्यूमध्ये सोलून काढतील. शरीराच्या बाबतीत केलं की त्याला वेलनेस म्हणायचं.

गंमत म्हणजे ज्या आयुर्वेदाच्या नावावर हे चालतं, तो काय म्हणतो? चरकसंहितेच्या सूत्रस्थानात निद्रानाशाची कारणं दिली आहेत: काम, काळ, रोग, प्रकृती आणि वात. पहिलं कारण काम! उपायांमध्ये अभ्यंग, स्नान, दूध, भात, मनाला सुख, चांगलं अंथरूण आणि झोपेची योग्य वेळ. त्या यादीत अश्वगंधा नाही. पण योग्य वेळ बाटलीत भरून विकता येत नाही ना, म्हणून ती जाहिरातीतही नाही.

तेव्हा मंडळी, गोळी घ्यायचीच तर वैद्याला किंवा डॉक्टरांना विचारून घ्या, चालू असलेली औषधं सांगून. पण त्याआधी मॅनेजरला विचारा की रात्रीचा कॉल आळीपाळीने का नाही? एक आठवडा आपण जागू, एक आठवडा त्यांनी पहाटे उठावं. एकट्याने विचारलं तर तुम्ही 'टीम प्लेयर' नाही ठरता. अख्ख्या टीमने विचारलं तर तो अजेंडा होतो.

सोमवारी विचारून बघा.